एक एलईडी जळतो, अख्खा बल्ब विझतो

पावसाळ्यात कोकणातल्या बांद्यात वीज सारखी येते-जाते आणि त्यात एखादा एलईडी बल्ब जातोच. होल्डरमधून काढून त्याची पांढरी टोपी उघडा. आतल्या पिवळ्या ठिपक्यांपैकी एकावर बारीक काळा डाग दिसेल. बहुतेक बल्बांत एलईडी एकाच साखळीत जोडलेले असतात. एक जळला की सगळे विझतात.

तो एक बदलायला सोल्डरिंग आयर्न घेतलं की पंचाईत होते. एलईडी अॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले असतात, कारण त्यांची उष्णता बाहेर जायला हवी. ती चकती आयर्नचीही उष्णता ओढून घेते. टोक ३५० अंशांवर असलं तरी एलईडीखालचा सोल्डरचा डाग वितळत नाही. म्हणून अख्खी चकतीच खालून तापवायची. हॉट प्लेटचं काम हेच.

कथील ६३ आणि शिसं ३७ टक्के असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. बिनशिशाचं साधारण २१७ ते २२० ला, बिस्मथ मिसळलेलं १३८ ला. डाग चकाकला की चिमट्याने जुना एलईडी उचलायचा, थोडी पेस्ट लावून नवा ठेवायचा. पेस्टमधला फ्लक्स धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. कल्हईत नवसागर करतो तेच हे काम. (नवसागर मात्र इथे नको, तांबं खातो.) पुढची गंमत बघण्यासारखी: किंचित तिरका ठेवलेला एलईडी वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणाने आपोआप सरळ होतो.

कोकणात खरी अडचण दमट हवेची. एलईडीच्या प्लास्टिकमध्ये ओल मुरते. एकदम तापवलं तर तिची आतल्या आत वाफ होते आणि एलईडी तडकतो. जुलैत उघड्या पाकिटातले एलईडी वापरायचे तर आधी ६० अंशांच्या आसपास काही तास सुकवा. एवढी सबुरी फार थोडे दाखवतात.

हॉट प्लेट सगळीकडे चालत नाही. दोन्ही बाजूंना पार्ट असलेल्या बोर्डावर ती निरुपयोगी. चकतीवर गोल कपॅसिटर असेल तर तो आधी काढा, तापून फुटू शकतो. खिडकी उघडी हवी. फ्लक्सचा धूर दमेकऱ्याला बाधतो. स्वयंपाकाचा तवा या कामाला लावू नका. स्वस्त बल्बांत आतली जोडणी थेट २३० व्होल्टशी असते, तेव्हा उघडा बल्ब लावून बघायचा मोह टाळा.

आणि नवा एलईडी घेताना व्होल्ट विचारा. २८३५ आकाराचे सगळे सारखेच दिसतात. पण त्यांत ३, ६, ९ आणि १८ व्होल्टचेही असतात.