तिसरा भाग का फसतो?

‘स्पायडर-मॅन 3’ असो वा मराठी मालिकापट, प्रेक्षक तिसऱ्या भागाला जातो तो आधीच्या दोन भागांवरच्या प्रेमापोटी. सुपरहीरोपटात पहिल्या भागात शक्ती मिळते, दुसऱ्यात तिची किंमत मोजावी लागते. तिसऱ्यासाठी मूळ प्रश्न उरत नाही, म्हणून पसारा वाढवला जातो. 2007च्या ‘स्पायडर-मॅन 3’मध्ये सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी ऑस्बॉर्न असे तीन विरोधक आले, एकालाही पुरेसा वेळ मिळाला नाही.

आपल्याकडे सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ची (2010) ताकद दोन अनोळखी माणसांच्या दिवसभराच्या गप्पांत होती. दुसऱ्या भागात (2015) लग्न, तिसऱ्यात (2018) बाळाची चाहूल आली. नातेवाईक वाढले, दोघांच्या गप्पांची जागा आक्रसली.

उलट 2017चा ‘लोगन’, सुपरहीरो वुल्व्हरिनचा तिसरा स्वतंत्र चित्रपट, नायकाच्या म्हातारपणाला भिडला आणि गाजला. तिसरा भाग तरतो तो नव्या प्रश्नावरच.