वेग रक्तातच असावा लागतो का?

पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीचं गणित मिरा-भाईंदरमधल्या कित्येक मुलामुलींना तोंडपाठ आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण. मग १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३० गुण वेगाचे आणि ताकदीचे! सरावात कुणी मागे पडलं की ग्रुपमध्ये डायलॉग ठरलेला, ‘सोड रे, ते रक्तातच असावं लागतं.’

खरंच असं असतं? थोडंफार, हो.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक हळू आकसणारे, लांब पळताना साथ देणारे. दुसरे झटकन आकसणारे. स्प्रिंट, उडी, वजन उचलणं ही त्यांची कामं. या दुसऱ्या तंतूंत ‘अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३’ नावाचं प्रोटीन असतं. ते बनवण्याची कृती ‘एसीटीएन-३’ या जीनमध्ये असते. या जीनची ‘आर’ आवृत्ती प्रोटीन बनवते, ‘एक्स’ बनवत नाही. एक आवृत्ती आईकडून येते, एक बाबांकडून. दोन्ही ‘एक्स’ आल्या तर हे प्रोटीन बनतच नाही. जगात साधारण पाचातला एक जण असा असतो आणि तो ठणठणीत असतो.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अव्वल खेळाडू तपासले. सामान्य लोकांत दोन्ही ‘एक्स’ असलेले १८ टक्के निघाले, तर वेगाच्या-ताकदीच्या खेळाडूंत फक्त ६ टक्के. झालं, ‘स्पीड जीन’ हे नाव पडलं आणि थुंकीवरून तुमचा खेळ सांगणाऱ्या टेस्ट बाजारात आल्या.

पण थांबा. २००७ मध्ये स्पेनचा एक ऑलिंपियन लांब उडीपटू समोर आला. दोन्ही आवृत्त्या ‘एक्स’, तरी उडी ८.२६ मीटर! स्प्रिंटमधल्या फरकात या जीनचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के मानला जातो. बाकी काम शेकडो जीन, आहार, झोप, कोच आणि सराव मिळून करतात. म्हणूनच २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन बजावलं, की अशा टेस्टवरून खेळातली गुणवत्ता ओळखू नका.

आपल्याकडचंच बघा. सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला. सुवर्ण एका किलोने हुकलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. त्याच वर्षी त्याची बहीण काजोल हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं सुवर्ण जिंकलं. सख्ख्या भावंडांचे सरासरी निम्मे जीन सारखे असतात, कबूल. पण वडिलांच्या टपरीवर चालणारं घर आणि घरातली शिस्तही सारखीच होती. यात जीन किती आणि घाम किती, वेगळं कसं काढणार?

आणि भरतीच्या मैदानात तुमची शर्यत बोल्टशी नाही, घड्याळाशी आहे. रोज नुसते लांब राउंड मारून १०० मीटरचा वेळ फारसा कमी होत नाही. त्यासाठी छोटे, पूर्ण ताकदीचे स्प्रिंट हवेत, मध्ये पुरेशी विश्रांती हवी. स्टार्ट सुधारा. गोळा नुसत्या हाताने ढकलू नका, पायांतून जोर येऊ द्या. हे सगळं शिकता येतं.

आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही, हे खरं. पण आडात किती पाणी आहे हे थुंकीच्या टेस्टवरून नाही, पोहरा सोडल्यावरच कळतं.