तेल कंपनी विकली जाते तेव्हा

तेल कंपनीची मालकी बदलणार अशी कुणकुण लागली की तिच्या शेअरचा भाव प्रत्यक्ष व्यवहाराच्या कितीतरी आधी चढू लागतो. खरेदीदार कोण, भाव काय, सरकार परवानगी देईल का, यांवर तर्क लढवत हजारो छोटे गुंतवणूकदार शेअर घेऊन ठेवतात. त्यामागचा हिशेब सरळ असतो. कंपनीचा ताबा हवा असणारा बाजारभावाहून जास्त मोजतो आणि कायद्यानुसार त्याला इतर भागधारकांकडूनही काही शेअर विकत घ्यावे लागतात. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कंपनी विकली जाणे आणि विक्रीचा पैसा छोट्या भागधारकाच्या खात्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००२ ते २०२२ या दोन दशकांत भारतातील चार तेल कंपन्यांच्या बाबतीत हा फरक चार प्रकारे दिसला.

खुला प्रस्ताव म्हणजे काय

नोंदणीकृत कंपनीच्या अधिग्रहणाचे, म्हणजे ताबा घेण्याचे, नियम शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी ठरवते. सध्याचे नियम २२ ऑक्टोबर २०११ पासून लागू आहेत. एखाद्याचा वाटा मतदानाच्या हक्काच्या २५ टक्क्यांपर्यंत पोचणार असेल किंवा कंपनीचे नियंत्रण त्याच्या हाती जाणार असेल, तर त्याला उरलेल्या भागधारकांकडून किमान २६ टक्के शेअर विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागते. यालाच खुला प्रस्ताव किंवा बाजाराच्या भाषेत ओपन ऑफर म्हणतात. १९९७ च्या जुन्या नियमांत हे आकडे अनुक्रमे १५ आणि २० टक्के होते.

प्रस्तावाचा किमान भावही नियमांतच बांधलेला आहे. विक्रेत्याशी करारात ठरलेला भाव, खरेदीदाराने आधीच्या ५२ आठवड्यांत मोजलेला सरासरी भाव, आधीच्या २६ आठवड्यांत मोजलेला सर्वांत जास्त भाव आणि घोषणेपूर्वीच्या ६० व्यवहार दिवसांतला बाजारातला सरासरी भाव, यांपैकी जो सर्वाधिक असेल त्यापेक्षा कमी भाव देता येत नाही. खरेदीदाराला रकमेचा काही भाग आधीच एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. शेअर देण्यासाठी १० कामकाजी दिवसांची मुदत असते आणि कंपनीच्या स्वतंत्र संचालकांची समिती भावाबद्दल आपले मत जाहीर करते.

छोट्या भागधारकाच्या नजरेतून बहुधा निसटतो तो २६ टक्क्यांचा आकडा. सरकारकडे किंवा प्रवर्तकाकडे ५३ टक्के आणि इतरांकडे ४७ टक्के शेअर असतील आणि त्या सर्वांनी आपले शेअर देऊ केले, तर प्रत्येकाच्या १०० शेअरपैकी साधारण ५५ घेतले जातात. उरलेले ४५ त्याच्याच डीमॅट खात्यात राहतात आणि त्यांना पुढे जो बाजारभाव मिळेल तोच खरा.

आयबीपी : प्रस्ताव आला, पण अर्ध्या शेअरसाठी

फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने आयबीपी या इंधनविक्री कंपनीतला ३३.५८ टक्के वाटा स्पर्धात्मक बोलीने विकला. सरकारी मालकीच्या इंडियन ऑइलने शेअरमागे १,५५१ रुपये, म्हणजे एकूण १,१५३.६८ कोटी रुपये मोजले. पेट्रोल पंपांचे तयार जाळे विकत मिळत होते आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नये ही इंडियन ऑइलची निकड होती. पाठोपाठ त्याच भावाने इतर भागधारकांकडून २० टक्के शेअर घेण्याचा प्रस्ताव आला आणि इंडियन ऑइलचा वाटा ५३.५८ टक्के झाला.

विक्रीपूर्वी सरकार सोडून इतरांकडे सुमारे ४० टक्के शेअर होते. सर्वांनी शेअर दिले असते तरी निम्मेच घेतले गेले असते. ज्यांच्याकडे शेअर उरले त्यांना २००७ मध्ये आयबीपी इंडियन ऑइलमध्ये विलीन होताना १०० शेअरच्या बदल्यात इंडियन ऑइलचे ११० शेअर मिळाले. त्या वेळच्या बाजारभावाने त्यांचे मोल १,५५१ रुपयांच्या हिशेबाच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. ताब्यासाठी एकदा मोजलेली जादा किंमत त्या एका व्यवहारापुरती असते. ती शेअरला कायमची चिकटत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

आयबीपीच्या भावाने उत्साह वाढला आणि सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम विकण्याची तयारी सुरू केली. पण या कंपन्यांचा जन्म संसदेच्या कायद्यातून झाला होता. एस्सोचा भारतातला उद्योग १९७४ च्या आणि बर्मा शेलचा १९७६ च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतला होता. १६ सप्टेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे कायदे बदलल्याशिवाय सरकारला खासगीकरण करता येणार नाही. विक्रीच्या आशेवर घेतलेल्या शेअरचा आधार एका निकालाने निघून गेला.

केर्न इंडिया : एकाच शेअरचे दोन भाव

राजस्थानातील बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रामुळे केर्न इंडिया नावारूपाला आली. जानेवारी २००४ मध्ये शोध लागलेल्या या क्षेत्रातून ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. कंपनीने भांडवल उभारताना १६० रुपयांना शेअर विकले होते. १६ ऑगस्ट २०१० रोजी वेदांत समूहाने एडिनबरोच्या केर्न एनर्जीकडून कंपनीचा ताबा घेण्याची घोषणा केली. केर्न एनर्जीला शेअरमागे ४०५ रुपये मिळणार होते आणि इतर भागधारकांना ३५५ रुपये. मधले ५० रुपये नॉन-कॉम्पिट फी, म्हणजे विक्रेत्याने पुन्हा त्याच धंद्यात स्पर्धा करू नये यासाठीचा मोबदला होता. त्या वेळच्या नियमांत ही रक्कम एका मर्यादेपर्यंत फक्त प्रवर्तकाला देता येत असे.

इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्यात वेदांत समूहातील गोव्याची सेसा गोवा ही कंपनी पुढे होती. लोहखनिजाच्या भरवशावर सेसा गोवाचे शेअर बाळगणाऱ्यांच्या हाती त्यामुळे तेलाच्या धंद्यातली जोखीमही आली. अधिग्रहणाचा परिणाम विकत घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकावरही होतो, इकडे सहसा लक्ष जात नाही.

घोषणा झाली तरी व्यवहार मार्गी लागला नाही. बाडमेरच्या क्षेत्रात ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचा वाटा ३० टक्के होता, पण स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) मात्र पूर्णपणे तीच भरत होती. हा बोजा तेलाच्या उत्पन्नातून वसूल व्हावा, ही अट घालून सरकारने ३० जून २०११ रोजी मान्यता दिली. दरम्यान एप्रिल २०११ मध्ये खुला प्रस्ताव येऊन गेला होता. २० टक्के शेअर मागितले असताना सुमारे ८ टक्केच आले. व्यवहार पूर्ण झाला डिसेंबर २०११ मध्ये. त्याआधी जूनअखेर ५० रुपयांची जादा रक्कम रद्द झाली आणि विक्रेत्यालाही ३५५ रुपयेच मिळाले. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी असा वेगळा मोबदला प्रस्तावाच्या भावातच धरण्याची तरतूद केली. नियम सुचवणाऱ्या समितीने १०० टक्के शेअरसाठी प्रस्ताव सक्तीचा करावा, असेही म्हटले होते. सेबीने मात्र २६ टक्क्यांवरच थांबणे पसंत केले.

हिंदुस्थान पेट्रोलियम : व्यवहार झाला, प्रस्ताव आला नाही

२०१७ च्या अर्थसंकल्पात सरकारी तेल कंपन्या एकत्र करण्याचा विचार मांडला गेला. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के वाटा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. शेअरमागे ४७३.९७ रुपये हा भाव त्या वेळच्या बाजारभावाहून सुमारे १४ टक्के जास्त होता.

हा जादा पैसा सरकारच्या तिजोरीत गेला. छोट्या भागधारकाला त्यातले काही मिळाले नाही. वाटा सरकारकडून सरकारी कंपनीकडेच गेल्याने खुल्या प्रस्तावाच्या अटीतून सूट मिळाली. आयबीपीच्या वेळीही खरेदीदार सरकारी होता, पण तिथे खुल्या बोलीने विक्री झाली होती आणि प्रस्तावही आला होता. दोन्ही व्यवहार वरून सारखे दिसत असले तरी कायद्याच्या कलमाने त्यांचा निकाल वेगळा केला. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी इंधन स्वस्त करताना सरकारने लिटरमागे १ रुपयाचा भार तेल कंपन्यांवर टाकला. दुसऱ्या दिवशी या कंपन्यांचे शेअर कोसळले आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा भाव २०० रुपयांच्या खाली आला.

भारत पेट्रोलियम : अडीच वर्षांची वाट

बर्मा शेलच्या अधिग्रहणाचा जुना कायदा २०१६ मध्ये इतर कालबाह्य कायद्यांबरोबर रद्द झाला आणि २००३ च्या निकालाने घातलेला अडसर दूर झाला. २० नोव्हेंबर २०१९ रोजी मंत्रिमंडळ समितीने भारत पेट्रोलियममधला ५३.२९ टक्के वाटा विकण्यास मंजुरी दिली. आसामची नुमालीगड रिफायनरी यातून वगळली होती. मुंबईत माहुल, शिवाय कोची आणि बिना येथील शुद्धीकरण प्रकल्प आणि पंधरा हजारांहून अधिक पेट्रोल पंप, असा हा ऐवज होता.

शेअर पाचशेच्या पुढे गेला. खरेदीदार बाहेरचा असणार, सरकारी कंपन्यांना बोली लावता येणार नाही, म्हणजे या वेळी खुला प्रस्ताव नक्की, असा तर्क होता आणि तो कायद्याला धरून होता. पण मार्च २०२० मध्ये इच्छुकांना आवाहन झाले त्याच महिन्यात करोनामुळे बाजार कोसळला आणि भाव अडीचशेच्या आसपास आला. इच्छापत्रांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत नोव्हेंबर २०२० पर्यंत गेली. शेवटी वेदांत आणि अमेरिकेतील दोन गुंतवणूक संस्थांशी निगडित इच्छुक पुढे आले. मार्च २०२१ मध्ये नुमालीगडचा वाटा ९,८७६ कोटी रुपयांना वेगळा विकला गेला. जुलैमध्ये परदेशी गुंतवणुकीचा नियम सैल झाला. प्रत्येक पाऊल विक्रीकडे जाणारे वाटत होते.

अडचण धंद्याच्या मुळाशी होती. पंपावरचे दर कागदोपत्री बाजाराधीन असूनही ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत ते हलले नाहीत. त्याच काळात पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युक्रेन युद्धामुळे कच्चे तेल पिंपाला १३० डॉलरच्या पुढे जाऊन आले. विक्रीचा दर आपल्या हाती नाही, अशी कंपनी घेण्यासाठी हजारो कोटी मोजायला खासगी खरेदीदार धजावत नाही. मे २०२२ मध्ये सरकारने प्रक्रिया थांबवली. जागतिक ऊर्जा बाजाराच्या परिस्थितीमुळे बहुतेक इच्छुकांनी असमर्थता कळवली, हे कारण देण्यात आले. भाव तेव्हा सव्वातीनशेच्या आसपास होता.

या अडीच वर्षांत शेअर धरून ठेवणाऱ्याच्या हाती आला तो लाभांश. २०२०-२१ या वर्षासाठी कंपनीने शेअरमागे ७९ रुपये दिले. त्यातले ३५ रुपये एकवेळचा विशेष लाभांश होते.

भावात आधीच काय भरलेले असते

मालकी बदलाची शक्यता सर्वांना ठाऊक झाली की ती भावात मिसळते. समजा, एरवी ३६० रुपयांचा शेअर अशा चर्चेमुळे ४२० रुपयांवर गेला आणि पुढे ५०० रुपयांचा खुला प्रस्ताव आला. १०० शेअरसाठी ४२,००० रुपये गुंतले. त्यांतले ५५ घेतले गेले तर २७,५०० रुपये मिळतात. उरलेले ४५ पुन्हा ३६० रुपयांवर आले तर त्यांचे १६,२०० रुपये होतात. एकूण ४३,७०० रुपये, म्हणजे सगळे मनासारखे घडूनही नफा १,७०० रुपये, फक्त ४ टक्के. यासाठी दीड-दोन वर्षे थांबावे लागले तर बँकेतली मुदत ठेव अधिक देऊन जाते. व्यवहार मोडला तर याच १०० शेअरवर ६,००० रुपयांचा तोटा होतो.

तर्कांवर चढलेला भाव खुल्या प्रस्तावाची किमान किंमतही वाढवत असे, कारण ६० दिवसांची सरासरी त्यात धरली जाई. सरकारी कंपनीची विक्री वर्षानुवर्षे चर्चेत राहते, त्यामुळे खरेदीदाराला या फुगलेल्या सरासरीचा भुर्दंड पडे. म्हणून २०२२ च्या अखेरीस सेबीने सरकारी कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीपुरती ही सरासरीची अट काढून टाकली. आता अशा कंपनीत नुसत्या चर्चेने भाव वर नेला तरी प्रस्तावाचा भाव त्यामुळे वाढत नाही.

अफवांबाबतही नियम कडक झाले आहेत. जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना, प्रसारमाध्यमांतल्या बातमीने भाव लक्षणीय हलला तर २४ तासांत ती बातमी खरी की खोटी याचा खुलासा करावा लागतो. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर हे खुलासे कोणालाही वाचता येतात.

मालकी बदलाच्या बातमीवर शेअर घेण्यापूर्वी म्हणून चार गोष्टी तपासाव्या लागतात. खरेदीदार सरकारी आहे की बाहेरचा, कारण त्यावर खुला प्रस्ताव येणे न येणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रवर्तक सोडून इतरांकडे किती टक्के शेअर आहेत, कारण त्यावरून आपले किती घेतले जातील ते ठरते. कोणत्या सरकारी परवानग्या बाकी आहेत आणि त्यांना किती काळ लागेल. आणि व्यवहार झालाच नाही तर शुद्धीकरणातला नफा, पंपावरचे मार्जिन आणि लाभांश यांच्या बळावर हा शेअर आजच्या भावाला परवडतो का. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे इतरांच्या हाती असतात. चौथ्याचे उत्तर कंपनीच्या वार्षिक अहवालात असते आणि घामाचा पैसा गुंतवणाऱ्याने त्याच उत्तरावर खरेदीचा निर्णय घ्यावा.