द्विप्रणाली ब्लूटूथ हेडसेटसाठी अल्पशक्ती मायक्रोकंट्रोलरची निवड

ब्लूटूथच्या दोन प्रणालींचे नाव एक असले, तरी रेडिओच्या पातळीवर त्या परस्परांहून भिन्न आहेत. जुनी 'क्लासिक' प्रणाली १ मेगाहर्ट्‌झच्या ७९ वाहिन्यांवर चालते. २०१० साली आलेली 'लो एनर्जी' प्रणाली २ मेगाहर्ट्‌झ अंतरावरील ४० वाहिन्यांवर. या दुसरीवर ध्वनिवहनाची प्रमाणित सोय ५.२ या आवृत्तीपासूनच झाली. पुष्कळ फोन अद्याप जुन्याच मार्गाने संगीत पाठवीत असल्याने हेडसेटला दोन्ही प्रणाली अवगत असणे भाग आहे.

या अटीनेच अनेक नावे गळतात. नॉर्डिकचा एनआरएफ५३४० नव्या ध्वनिवहनास उत्तम, परंतु क्लासिक प्रणाली त्यास येत नाही. मूळ ईएसपी३२ द्विप्रणाली म्हणवितो. पण त्याची लो एनर्जी ४.२ आवृत्तीची, म्हणजे प्रमाणित ध्वनिवहनास निरुपयोगी. शिवाय ग्रहणाच्या वेळी तो सुमारे १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. ग्रहण अखंड चालले, तर ५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या तासात संपेल.

तपशीलपत्रकात निद्रावस्थेतील प्रवाह ठळकपणे छापतात. हेडसेटच्या बाबतीत हा आकडा बराचसा शोभेचाच. श्रवणकाळी सरासरी ५ मिलिअँपिअर व निद्रेत १० मायक्रोअँपिअर धरल्यास, एका तासाच्या श्रवणात ५०० तासांच्या निद्रेइतका विद्युत्‌भार खर्च होतो. तेव्हा तुलना करावयाची ती श्रवणकाळातील सरासरीची. नव्या प्रणालीतील एलसी३ संकेतनाची एक चौकट १० मिलिसेकंदांची असते. ६४ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकास तेवढ्यात ६,४०,००० आवर्तने मिळतात. दुप्पट प्रवाह घेऊन तेच काम एकतृतीयांश वेळात उरकणारा व लगेच निद्रिस्त होणारा प्रक्रियक त्या कामापुरता काटकसरीचा ठरतो. संकेतप्रक्रियेच्या खास सूचनांचे मोल येथे कळते.

कालमापकाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. फोन व हेडसेट यांच्या स्फटिकांत दशलक्षात ४० भागांचा फरक असला, तर सेकंदाला ४८,००० नमुन्यांमागे जवळजवळ २ नमुने साचतात किंवा कमी पडतात, आणि काही वेळाने आवाजात खंड पडतो. म्हणून ध्वनीचे घड्याळ चालू असता सूक्ष्मपणे जुळविता आले पाहिजे, अथवा नमुन्यांचा दर गणिताने बदलावा लागतो. या दुसऱ्या उपायात पुन्हा शक्ती खर्च होते.

दोन्ही रेडिओ, संकेतप्रक्रियक व ध्वनिपरिवर्तक एकत्र असलेली क्वालकॉमच्या क्यूसीसी मालिकेसारखी चिप उत्पादनास सोयीची. अभ्यासकास तिच्या बंदिस्त प्रणालीचा जाच होतो. त्याने स्वतंत्र द्विप्रणाली रेडिओ व साधा मायक्रोकंट्रोलर जोडावा, आणि प्रत्येक भागाचा प्रवाह निरनिराळा मोजावा.