मेणवलीचा वाडा आणि नानांचे दफ्तर

वाईहून तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी मेणवली आहे. बहुतेक लोक इथे घाट बघायला येतात. मेणेश्वराच्या देवळाजवळची ती थोरली घंटा बघतात, तिच्यावरची बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल बघतात. ही घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली लूट आहे. ‘स्वदेस’चे चित्रीकरण कुठे झाले ते कुणीतरी सांगतो, फोटो निघतात आणि गाडी धोमकडे वळते. मागचा नाना फडणीसांचा वाडा मात्र घाईने उरकला जातो. मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे तरी कागद याच वाड्यात राहिले होते.

नाना, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यातच झाला. मेणवली गाव त्यांना १७६८ च्या सुमारास मिळाले आणि त्यानंतर हा चौकामागून चौक असलेला वाडा उभा राहिला. जाड भिंती, सागवानी खांब, काही दालनांत भित्तिचित्रे आणि मागच्या अंगाला थेट नदीवर उतरणाऱ्या पायऱ्या असा त्याचा थाट आहे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून बोरू चालवीत. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद असे सगळे तिथे शिस्तीने होई. ते दफ्तर सरकारी होते. मेणवलीत राहिला तो नानांचा स्वतःचा संग्रह: हेरांच्या बातम्या, वकिलांची पत्रे, हिशेब, खाजगी मजकूर. मोडीत लिहिलेले हे कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते.

मला या कागदांचे सर्वांत मोठे अप्रूप त्यांच्या तारखांचे वाटते. अठराव्या शतकातल्या मराठी पत्राचा काळ आकाशावरून मोजलेला असतो. एकच नोंद घेऊ. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो दिवस भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३. त्या दिवसाच्या पत्रावर सन पडेल ‘अर्बा सबैन मया व अलफ’. अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७४. हा सुहूर सन. त्याला मृगसालही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो. शेतकरी ज्या मृगाकडे डोळे लावून बसतो, त्याच मृगाला दफ्तराचेही नवे वर्ष लागे. पुढे ‘छ’ लिहून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना येतो. इथे तो जमादिलाखर. ही तारीख चंद्रकोर दिसल्यापासून मोजतात आणि पंचांगाची तिथी अमावास्येपासून, म्हणून दोन्ही आकड्यांत एकदोन दिवसांचा फरक राहतो. जुन्या तारखेची पडताळणी करताना हा फरक फार उपयोगी पडतो.

आता पुढची नोंद बघा. याच नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म पुरंदरावर वैशाख शुद्ध ७ ला, १८ एप्रिल १७७४ रोजी झाला. मधे पाडवा होऊन गेल्यामुळे शक १६९६ लागला होता, पण मृग अजून दूर होता, म्हणून सन तोच, अर्बा सबैन. केवळ शकाचा आकडा बघणाऱ्याला खून आणि जन्म या दोन वर्षांतल्या गोष्टी वाटतील, तर सन वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वर्षातल्या दिसतील. प्रत्यक्षात दोहोंत आठ महिन्यांचेही अंतर नाही आणि बारभाईंचे, म्हणजे नाना आणि त्यांच्या साथीदारांचे, सगळे कारस्थान त्याच महिन्यांत रंगले. पत्र आधीचे की नंतरचे हे ठरवताना अभ्यासकाचा कस लागतो तो इथे. ही अडचण ओळखून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले विज्ञानाचे प्राध्यापक बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १७२८ पासूनच्या काळाची जंत्री छापली. तिच्यावाचून पेशवाईच्या पत्रांचा क्रम लावणे फार जड गेले असते.

नाना १८०० मध्ये गेले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे मेणवलीत राहिल्या. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण मेणवलीचे घरातच राहिले. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते मिळवले, ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून अस्सल साधने वाचकांपुढे ठेवली आणि साताऱ्यात संग्रहालय उभे केले. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, मिरजेत, असेच काम शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनी केले. पटवर्धन सरदार छावणीतून घरी सविस्तर पत्रे धाडीत, आणि घरच्यांनी ती जपली होती. खरेशास्त्र्यांनी ती वाचून, तारखा लावून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने काढला. पुढच्याच वर्षी वाईत मिळालेल्या कागदांवरून इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपताच्या काळातली पत्रे आहेत. पानिपत आणि नंतरची मराठेशाही आज इतक्या बारकाईने कळते, यात या एका नदीकाठच्या घरांचा वाटा फार मोठा आहे असे माझे मत आहे. लढणाऱ्यांइतकेच आपण लिहिणाऱ्यांचे आणि कागद जपणाऱ्यांचे देणे लागतो.

मेणवलीला जाल तेव्हा घाटावरून परत फिरू नका, वाड्यात जा. आणि वाई, सातारा, मिरज, सांगली या पट्ट्यातल्या कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल पडला असेल, तर तो रद्दीत घालू नका, पाने सुटी करून वाटूही नका. १९१० पासून हेच काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे. तो रुमाल तिथल्या जाणकारांना एकदा दाखवा.