आवाजाच्या तराजूतील पासंग

१९७५ च्या सुमारास अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात एक यंत्र आले. त्याच्या व्यवहाराची तऱ्हा कोणाही व्यापाऱ्याने कान टवकारावेत अशी होती. ते विकत मिळतच नसे. ॲफेक्स या कंपनीत कर्ट नॉपेल यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते आणि त्याचे नाव होते ‘ऑरल एक्सायटर’. स्टुडिओंना ते भाड्याने दिले जाई. भाडे दिवसावर नसे, तासावरही नसे. तयार झालेल्या मुद्रणाच्या प्रत्येक मिनिटाला ३० डॉलर, असा दर होता. ४० मिनिटांची तबकडी असली तर १,२०० डॉलर मोजावेत, आणि यंत्र परत मालकाच्या ताब्यात! लिंडा रॉनस्टॅट, जेम्स टेलर, नील डायमंड, ॲन मरे अशा त्या काळच्या नामांकित गायकांच्या मुद्रणांसाठी ते वापरले गेले.

योजना चतुर होती यात शंका नाही. मोठी नावे, मर्यादित पुरवठा आणि आत नेमके काय आहे याविषयी गूढ, एवढे भांडवल जमले की मालाला भाव येतोच. परंतु भाव निराळा आणि गुण निराळा. अशी रूढ चाकोरीबाहेरची ॲनालॉग यंत्रे आजही बाजारात येतात आणि त्यांच्या किमती लाखांत असतात. आपल्या घरांतील पुढची पिढी आता केवळ पेढीवर बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटणारे तरुणही तीत आहेत. भांडवल मात्र पुष्कळदा पेढीतूनच येते. त्यामुळे असे यंत्र पारखावे कसे, हा प्रश्न केवळ संगीतकारांचा राहिलेला नाही.

गाण्यातील गळा, तबला, पेटी, तंतुवाद्ये हे भाग प्रथम एकत्र मिसळले जातात. त्या मिश्रणावर जो अखेरचा हात फिरतो, त्याला मास्टरिंग म्हणतात. संग्रहातील गाणी एकमेकांशी जुळवायची, कोठे जडपणा असेल तर तो सावरायचा आणि माल बाजारात जाण्याजोगा करायचा, असे हे काम आहे. यासाठी रूढ अवजारे दोन. ठरावीक पट्टीतील ध्वनी वर-खाली करणारा इक्वलायझर आणि चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर. दोन्ही अवजारे मुख्यतः जे आहे त्याचीच वाटणी बदलतात.

एक्सायटरचे तसे नाही. मूळ ध्वनी त्यातून जसाच्या तसा पुढे जातो. त्याची एक शाखा बाजूला काढून तिच्यातील खालचे स्वर गाळले जातात. उरलेल्या वरच्या भागावर विद्युत्-मंडल मुद्दाम थोडी विकृती घडवते आणि तीतून मुळात नसलेले नवे उपस्वर निर्माण होतात. हा अर्क अगदी अल्प प्रमाणात मूळ ध्वनीत मिसळला जातो. मापकाचा काटा जेमतेम हलतो, पण शब्द उजळतात आणि गायक दोन पावले पुढे येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. विकृती टाळणे हा ज्या व्यवसायाचा धर्म, तेथे ती मोजून-मापून घालण्याचे भाडे आकारले जात होते! जुळणी चुकलेल्या एका ॲम्प्लिफायरवरून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते.

त्या काळात याची खरीखुरी गरजही होती. चुंबकीय फितीची प्रतीवर प्रत काढताना वरचे स्वर झिजत. इक्वलायझरने ते उचलावेत तर फितीची सुरसुरही त्यांच्यासोबत वर येई. जे उरलेच नाही ते वाढवणार तरी कसे? एक्सायटर ते नव्याने घडवीत असे.

हे परके वाटण्याचे कारण नाही. मिरजेच्या कारागिरांनी घडविलेला तानपुरा आठवावा. तार आणि घोडी यांच्यामध्ये जवारीसाठी बारीकसा धागा सरकवला की तोच स्वर एकाएकी फुलून येतो आणि गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तोही कानी पडतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या वाद्यांवर शोधनिबंध लिहिला होता. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर प्रचलित नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत; पण तानपुऱ्यात ते येतात, आणि याचे कारण त्या रुंद, वक्र घोडीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे उपस्वर घडविणारे साधन आपल्या बैठकीत पूर्वीपासून आहे. फरक इतकाच, की तानपुरा स्वतःच्या स्वरात भर घालतो आणि एक्सायटर दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणूनच त्याची पारख अधिक कसून व्हायला हवी.

पारखीतील पहिला अडथळा म्हणजे पासंग. रिकामी पारडी समतोल नसतील तर जाणता दुकानदार आधी पासंग काढतो, मग माल चढवतो. आवाजाच्या तराजूत हा पासंग म्हणजे मोठेपणा. एकच मुद्रण दोनदा ऐकवले आणि दुसऱ्या वेळी ते अर्ध्या डेसिबलने मोठे ठेवले, तर ‘मोठे वाटले’ असे कोणी म्हणत नाही. ‘अधिक चांगले, अधिक भरदार वाटले’ असे म्हणतात. याला शास्त्राधार आहे. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविले, की आवाज लहान असताना कान अगदी खालच्या आणि वरच्या स्वरांना मंद असतो आणि आवाज वाढला की त्या स्वरांना अधिक प्रतिसाद देतो. यंत्र सुरू करताच पातळी जराशी वाढत असेल, तर ऐकणारा त्या वाढीलाच यंत्राचा गुण समजून पैसे मोजतो. विक्रेत्याची लबाडी यात असेलच असे नाही. पण पासंग तो पासंगच.

तो काढण्याचे साधन आज हाताशी आहे. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली ठरली आणि एलयूएफएस या एककात तो मोजणारी मापके आता संगणकावर सहज मिळतात. यंत्रातून गेलेले आणि न गेलेले अशी दोन मुद्रणे एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवावीत आणि मगच ऐकावीत.

गेल्या वर्षी परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांच्या चिरंजीवांनी असेच एक वापरलेले यंत्र साडेतीन लाखांना घेण्याचे ठरविले होते. वडिलांनी मला बोलावून घेतले. विक्रेत्याकडे ऐकून आलेला मुलगा भारावलेला होता. “काका, फरक स्पष्ट ऐकू येतो. तुम्हीच ऐका ना,” असे तो म्हणाला. साठीनंतर वरचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, तेव्हा माझ्या कानाची साक्ष येथे ग्राह्य नाही, असे मी त्याला सांगितले आणि केवळ नोंदी ठेवण्याचे काम पत्करले. यंत्र आठ दिवसांच्या बोलीवर आणले होते.

पातळी जुळवून त्याचा मित्र पडद्यामागून मुद्रणे लावू लागला. यंत्रातले कोणते, हे मुलाने १६ वेळा सांगायचे होते. यातील हिशेब सोपा आहे. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. तेव्हा १२ ही उत्तीर्णतेची रेषा ठरली. विक्रेत्याने सुचविलेल्या सौम्य मात्रेवर त्याची ९ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी शंभरात चाळीस वेळा इतके यश मिळतेच. मात्रा वाढविल्यावर मात्र १४ आली. हा योगायोग नव्हे. हजारात दोनदाच असे घडते.

“मग फरक सिद्ध झाला की!” वडील म्हणाले. सिद्ध झाला, पण ओळखता येणे म्हणजे आवडणे नव्हे. त्याच मात्रेवर एका गायिकेच्या गाण्यातील ‘स’, ‘श’ आणि ‘च’ कानाला टोचू लागले. दुसरे एक जुन्या कॅसेटवरून घेतलेले, मंदावलेले मुद्रण होते. ते मात्र खरोखर जिवंत झाले. शिवाय तासाभराने असे दिसले, की कान सरावतो आणि हात आपोआप मात्रा आणखी वाढवू लागतो. त्यामुळे मध्ये विश्रांती ठेवावी लागली.

आणखी काही बाबी तपासल्या. संगणकातील ध्वनी या यंत्रात जाण्यासाठी एकदा विद्युत्-रूपात बाहेर यावा लागतो आणि मग पुन्हा अंकांत रूपांतरित व्हावा लागतो. या ये-जा करण्याचाही स्वतःचा परिणाम असतो. म्हणून तुलनेचे दुसरे मुद्रणही त्याच वाटेने, फक्त यंत्र वगळून, फिरवून आणले. यंत्राचा डावा आणि उजवा भाग एकसारखा चालतो का, हेही पाहिले. तेथे थोडी तफावत निघाली. त्याच्या खुंट्या अखंड फिरणाऱ्या होत्या, पायऱ्या पाडलेल्या नव्हत्या. ग्राहक सहा महिन्यांनी ‘तेच पुन्हा करून द्या’ म्हणाला, तर आधीची मात्रा अचूक कशी लावणार? मास्टरिंगमध्ये ही उणीव लहान नव्हे.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे मिसळलेले उपस्वर पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. आज रुचलेली झळाळी पाच वर्षांनी बोचली, तर मूळ प्रत हाच आधार. यंत्र असो वा नसो, संस्कार न केलेली प्रत जपून ठेवायची आणि ग्राहकाच्या हवाली दोन्ही करायच्या, हा नियम त्या मुलाने त्याच दिवशी वहीत लिहून घेतला.

यंत्र त्याने घेतले नाही. त्याच्याकडे येणाऱ्या कामांपैकी कॅसेटवरून घेतलेली, मंदावलेली मुद्रणे वर्षाकाठी सात-आठच असतात. तेवढ्यासाठी यंत्र असलेल्या मुंबईतील एका स्टुडिओशी त्याने कामागणिक दर ठरविला. ॲफेक्सची यंत्रे पुढे ऐंशीच्या दशकात बाजारात विकत मिळू लागली आणि आज त्यांच्या संगणकीय नकलाही मिळतात; पण क्वचितच लागणाऱ्या वस्तूसाठी मिनिटामागे भाडे ही पहिली पद्धत विक्रेत्याइतकीच ग्राहकाच्याही सोयीची होती, असे हा हिशेब मांडल्यावर वाटते. साडेतीन लाखांपैकी काही रक्कम त्याने खोलीच्या भिंतींवर ध्वनिशोषक पट्टे बसविण्यात घातली. उरलेली वडिलांनी मुदत ठेवीत ठेवली आहे.