बंद आकाश वेळेवर उघडण्याचे शास्त्र

ओडिशाच्या किनाऱ्यावर क्षेपणास्त्राची चाचणी असली की आधीपासूनच बातम्यांत ‘नोटॅम’ (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) झळकू लागतो. बंगालच्या उपसागरावर एक लांबट लाल पट्टा, त्यावर तारखा आणि वेळा, आणि मग कोणते क्षेपणास्त्र असेल याचे तर्कवितर्क. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, तेव्हा तर हा शब्द घराघरांत पोचला. आकाश बंद झाले की बातमी होते, ते पुन्हा उघडले की सहसा कोणी दखल घेत नाही. मला मात्र खरे शास्त्र या दुसऱ्या भागात दिसते. आकाश बंद करायला एक सूचना पुरते. काम संपताच ते परत देणे आणि ज्याला हवे आहे त्याला ते वेळेत कळवणे, यासाठी गणित, संगणक, अखंड चालू असलेली हॉटलाइन आणि नागरी व लष्करी यंत्रणांमधला विश्वास एवढे सगळे लागते.

एवढ्या अफाट आकाशात प्रवासी विमाने आणि हवाई दलाची विमाने सुखाने का मावू नयेत, असा प्रश्न वाचक अनेकदा विचारतात. उत्तर वेगात आहे. प्रवासी जेट ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला २५० मीटर. समोरासमोर येणाऱ्या अशा दोन विमानांमधले अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. दहा किलोमीटरवरचे विमान डोळ्याला ठिपक्याएवढे दिसते, आणि तो ठिपका वीस सेकंदांत येऊन भिडतो. शिवाय दोघांचे स्वभाव वेगळे. प्रवासी विमान पुढच्या दहा मिनिटांत कुठे असेल हे नियंत्रकाला आधीच सांगता येते, त्याची सुरक्षितता यावरच उभी आहे. लढाऊ वैमानिकाला शिकवले जाते ते नेमके उलट: पुढच्या दहा सेकंदांत आपण कुठे असू याचा अंदाज कोणालाही येऊ द्यायचा नाही. म्हणून त्याला सरावासाठी स्वतंत्र जागा लागते, आणि ती लागणारच. क्षेपणास्त्रांचा पल्ला वाढत गेला तशी ही जागाही मोठी लागू लागली. दुसरीकडे प्रवासी विमानेही वाढली. मागणी दोन्ही बाजूंनी वाढली, आकाश मात्र तेवढेच राहिले.

या दोन जगांनी एकमेकांची खबर न ठेवल्यास काय होते, ते अमेरिकेला १९५८ मध्ये कळले. २१ एप्रिलच्या सकाळी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-७ विमान लॉस एंजेलिसहून निघून ठरलेल्या हवाईमार्गाने २१,००० फुटांवरून पूर्वेला चालले होते. त्याच वेळी लास वेगासजवळच्या नेलिस तळाचे एफ-१०० जातीचे लढाऊ विमान सरावासाठी खाली उतरत होते. मागच्या आसनावरच्या शिकाऊ वैमानिकावर पडदा ओढलेला होता, कारण बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर विमान चालवण्याचा तो धडा होता. आकाश निरभ्र होते. प्रवासी विमानाची माहिती नागरी नियंत्रकांकडे होती, लढाऊ विमानाची नेलिसकडे. दोन्ही नियंत्रक आपापले काम करत होते आणि एकाला दुसऱ्याच्या विमानाचा पत्ता नव्हता. टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले मिळून ४९ जण गेले. हवाईमार्ग ओलांडून होणाऱ्या या सरावातला धोका आधीपासून माहीत होता आणि तो कमी करण्यासाठी दोन्ही यंत्रणांनी शक्य ते सर्व उपाय केले नाहीत, असा ठपका चौकशीत आला. महिनाभरात, २० मे रोजी, मेरीलँडवर लष्करी टी-३३ जेट आणि प्रवासी व्हायकाउंट विमानाची टक्कर होऊन आणखी १२ जणांचा बळी गेला. २३ ऑगस्टला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नव्या विमान वाहतूक कायद्यावर सही केली आणि नागरी आणि लष्करी दोन्ही गरजा लक्षात घेऊन आकाश सांभाळणारी एक संस्था जन्माला आली. तिचे पहिले प्रमुख एल्वुड केसाडा हे हवाई दलाचे निवृत्त जनरल होते. माझ्या दृष्टीने ही नेमणूक त्या कायद्याइतकीच मोलाची होती. लष्कराला जागा का लागते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

आपला धडा ३८ वर्षांनंतर आला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे जंबो जेट आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे इल्युशिन विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर एकमेकांना धडकले. दोन्ही विमानांतले सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. दोन विमाने हवेत धडकून झालेल्या अपघातांत आजवरची ही सर्वांत मोठी जीवितहानी आहे. इल्युशिन विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले, हे अपघाताचे थेट कारण. पण ही दोन विमाने एकाच अरुंद मार्गावर समोरासमोर का होती? दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे होते आणि नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच मार्गिका मिळत होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

अशा अपघातांनंतर पहिली ओढ भिंत बांधण्याकडे असते: हे तुमचे आकाश, ते आमचे. भिंतीने सुरक्षितता मिळते, पण जागा वाया जाते. सरावाचे क्षेत्र रात्री, रविवारी, पावसाळी हवेत रिकामे असते आणि प्रवासी विमान तरीही त्याला वळसा घालून जाते. १९९६ मध्येच युरोपातल्या देशांनी युरोकंट्रोल या संस्थेच्या पुढाकाराने दुसरी वाट धरली. आकाश कायमचे कोणाचेच नाही, ते एकसंध आहे आणि ज्याला ज्या वेळी लागेल त्याने त्या वेळेपुरते वापरावे, हे तत्त्व ठरले. हवाई क्षेत्राचा लवचीक वापर म्हणतात तो हाच. त्याचे काम तीन टप्प्यांत चालते. वर्षभराचे नियम आणि आराखडे सरकार ठरवते. दुसऱ्या दिवशी कोणाला कोणता तुकडा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी नागरी आणि लष्करी अधिकारी एकत्र बसून ठरवतात आणि वापराचा तक्ता प्रसिद्ध करतात. प्रत्यक्ष त्या क्षणीचे बदल नियंत्रक एकमेकांशी बोलून करतात.

यातली मेख समजायला मंगल कार्यालयाचा विचार करावा. सकाळचा मुहूर्त, दुपारी पंगत, चार वाजता वरात निघून जाते. कार्यालय मात्र रात्री बारापर्यंत त्याच नावावर आहे. चार वाजता मालकाने दुसऱ्या कुटुंबाला फोन करून हॉल मोकळा झाल्याचे कळवले, तर उपयोग काय? आचारी ठरलेला नाही, भाजी आणलेली नाही, पाहुण्यांना निरोप गेलेला नाही. तीच गोष्ट आदल्या दिवशी कळली असती तर संध्याकाळचा साखरपुडा तिथेच पार पडला असता. जागा दोन्ही वेळा तेवढीच मोकळी होती, फरक पडला तो निरोप केव्हा पोचला त्याचा.

विमानाच्या बाबतीत भाजी म्हणजे इंधन. उड्डाणापूर्वी एअरलाइनचा डिस्पॅचर मार्ग आखतो आणि त्या मार्गाला पुरेल एवढे इंधन भरायला सांगतो. म्हणूनच सशर्त खुल्या मार्गांचे तीन प्रकार केले गेले. पहिल्या प्रकारचा मार्ग जाहीर केलेल्या वेळांत उपलब्ध असेलच असे धरून चालता येते. दुसऱ्या प्रकारचा मार्ग आदल्या दिवशीच्या तक्त्यात आला तरच आखणीत घेता येतो. तिसऱ्या प्रकारचा मार्ग आखणीत घेताच येत नाही, तो हवेत असताना नियंत्रकाने दिला तरच मिळतो. एअरबस ३२० जातीचे विमान मिनिटाला ढोबळ मानाने ४० किलो इंधन जाळते. वळसा टळून पाच मिनिटे वाचली तर २०० किलो इंधन वाचते. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे सहाशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडही टळतो. हा हिशेब एका उड्डाणाचा झाला. पण तिसऱ्या प्रकारच्या मार्गावर ही बचत पुरी पदरात पडत नाही. लांबच्या मार्गाचे इंधन आधीच टाकीत भरलेले असते, आणि इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते: जादा वजनाच्या सुमारे तीन टक्के, दर तासाला. ऐन वेळी मिळालेला जवळचा रस्ता वैमानिक आनंदाने घेतो. आदल्या दिवशी कळलेला जवळचा रस्ता त्याहून मोलाचा.

जवळचा रस्ता म्हणजे सरळ रस्ता, असे मात्र नाही, आणि इथे मला माझ्या एका आवडत्या गणितज्ञाबद्दल सांगायलाच हवे. एर्न्स्ट झर्मेलो हे नाव गणिताच्या विद्यार्थ्यांना संच सिद्धांताच्या स्वयंसिद्धांमुळे माहीत असते. तरुणपणी माक्स प्लांक यांचे साहाय्यक असताना त्यांनी थेट बोल्ट्झमान यांच्याशी वाद घातला होता. बुद्धिबळावरही त्यांचा १९१३ चा मूलभूत निबंध आहे. पण १९३१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी एक वेगळाच प्रश्न सोडवला: वारा जागोजागी आणि क्षणोक्षणी बदलत असताना, ठराविक वेगाने उडणाऱ्या विमानाने कमीत कमी वेळात मुक्कामी पोचण्यासाठी आपले तोंड कोणत्या दिशेला ठेवावे? उत्तर देखणे आहे. मुक्काम कुठे आहे याकडे सतत पाहत विमान वळवायचे नसते. त्या त्या जागी वारा आजूबाजूला कसा बदलतो आहे, त्यावरून पुढचे वळण ठरते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून वाहणारे जेट वारे ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग सहज गाठतात. अशा वेळी नकाशावर लांब दिसणारा मार्ग घड्याळावर जवळचा ठरू शकतो. पुढे १९३५ मध्ये नाझी सलाम नीट करत नाहीत अशी तक्रार झाली आणि झर्मेलो यांना फ्रायबुर्ग विद्यापीठातले मानद प्राध्यापकपद सोडावे लागले. आज जगातला प्रत्येक मार्ग-आखणीचा संगणक त्यांनी मांडलेलाच प्रश्न सोडवतो, आणि विमान वाहतुकीच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचित येते. त्यांच्या प्रश्नातले आकाश सगळीकडे मोकळे होते. आजच्या आकाशात तासातासाला उघडणारे आणि मिटणारे बंद तुकडे आहेत. ते कधी उघडतील हे संगणकाला माहीतच नसेल, तर जगातले सर्वोत्तम गणितही वळसाच सुचवेल.

म्हणूनच आपल्याकडे वारंवार सांगितला जाणारा एक आकडा मला अपुरा वाटतो. १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी ६० टक्केच मुक्तपणे उपलब्ध आहे आणि निर्बंध सैल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राला वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल. दिशा योग्यच होती, २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातही लवचीक वापराचा पुरस्कार होता. पण टक्के हे जमीन मोजण्याचे माप झाले. शंभर टक्के आकाश कागदोपत्री खुले असूनही रोज ऐन वेळी बंद होत असेल, तर डिस्पॅचर वळशाचेच इंधन भरेल. उलट ६० टक्क्यांच्या बाहेरचे क्षेत्र रोज ठरल्या वेळी मिळत असेल, तर त्याचा पुरा फायदा घेता येईल. युरोपीय संघाच्या कामगिरीच्या मोजमापात याच्या जवळ जाणारा प्रश्न विचारला जातो: राखीव क्षेत्र किती तास मागितले गेले आणि प्रत्यक्षात किती तास वापरले गेले? तिथे पोर्तुगालने २००९ मध्ये आपल्या वरच्या आकाशात आखीव मार्गच काढून टाकले आणि प्रवेशापासून बाहेर पडण्यापर्यंत विमानांना आपली वाट निवडू दिली. पुढे बहुतेक युरोप त्या वाटेने गेला. राखीव तुकड्यांचे वेळापत्रक विश्वासार्ह असल्याशिवाय हे चालणे शक्य नव्हते.

हे आपल्याला जमेल का, या शंकेचे उत्तर महाराष्ट्रात आणि गोव्यात रोज मिळते. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे सुखोई आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात आणि प्रवासी वैमानिकाला उतरण्याची परवानगी हवाई दलाचा नियंत्रक देतो. गोव्यात दाबोळीला हेच काम नौदल करते. आयएनएस हंसा या नौदल तळाच्या सरावासाठी आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास राखून ठेवण्याची तिथली पद्धत एअरलाइन्सना वर्षानुवर्षे ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेच त्यांनी आपली वेळापत्रके त्याभोवती बेतली. निर्बंध कडक असला तरी आधी माहीत असेल तर त्याच्यासोबत काम करता येते. लष्कराची गरज तातडीची असेल तेव्हा आकाश क्षणात त्याच्याकडे गेलेच पाहिजे, यावर दुमत नसावे. मे २०२५ मध्ये ते गेले. तेव्हा बंदी १५ मेपर्यंत जाहीर झाली होती, विमानतळ १२ मे रोजीच उघडले. गरज संपताच आकाश मुदतीआधी परत देता येते, हे आपल्याच यंत्रणांनी दाखवून दिले आहे.

संकटकाळात जे जमले ते रोजच्या कारभारात मोजले जावे, एवढीच मागणी आहे. नागरी विमान वाहतूक आणि संरक्षण या मंत्रालयांनी दरमहा तीन आकडे प्रसिद्ध करावेत: राखीव क्षेत्रांसाठी मागितलेले तास, प्रत्यक्ष वापरलेले तास, आणि न लागलेले तास परत केल्याची सूचना उड्डाणाच्या किती वेळ आधी दिली गेली. त्या तासांत कोणता सराव झाला हे कोणी विचारत नाही. देशभराची बेरीज दिल्याने कोणतेही गुपित फुटत नाही, क्षेत्र कधी बंद आहे हे तर नोटॅममधून जगाला आधीच कळलेले असते. पुढच्या वेळी ‘इतके टक्के आकाश खुले झाले’ अशी बातमी वाचाल तेव्हा हे तीन आकडे त्यात आहेत का ते पाहा. नसतील, तर किती इंधन वाचले हे त्या बातमीवरून सांगता येणार नाही.